ढकलणं फुकट, ओढणं महाग

आमच्या घरात माझ्या व्यायामाचं बजेट महिन्याला २०० रुपये. मुलाची बारावी, त्याच्या क्लासचे हप्ते, आईंची बीपीची औषधं (आई म्हणजे सासूबाई), साताऱ्याच्या करंज्यातल्या दोन खोल्यांचं भाडं, हे सगळं वजा जाता जे हातात राहतं त्यात जिमची फी बसत नाही. बसली असती तरी वेळ कुठला? सकाळी दोन डबे, साडेनऊला पोवई नाक्याजवळचं ऑफिस, तिथे संध्याकाळी सहापर्यंत खुर्चीत बसून बिलं नि जीएसटी, घरी आलं की भाकरी. रडगाणं म्हणून सांगत नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायकांचं वेळापत्रक थोड्याफार फरकाने हेच आहे.

निमित्त झालं एका रिपोर्टचं. एचबीएवनसी ६.१. मागच्या साधारण तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती राहिली, ते ही तपासणी सांगते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात चपला काढतोय. डॉक्टरांनी विचारलं, "चालता का?" म्हटलं, चालते की. रविवारी टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत जाते, रोज रात्री जेवणानंतर खाली फेऱ्या मारते. "उत्तम, ते सोडू नका. ताकदीचा व्यायाम काय करता?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दोन वाक्यांत समजावलं: जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायू उचलतात, आणि वापर नसला की चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात. म्हणजे साखर ठेवायचं कपाटच लहान होत जातं.

घरी येऊन वाचलं तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही तीच. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. 'शिवाय'च्या पुढचं कोणी ऐकतच नाही, आणि बायकांना तर ते कोणी सांगतही नाही.

सुरुवात सूर्यनमस्कारांपासून केली. सातारा जिल्ह्यात राहून दुसरं काय सुचणार? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यासच घेतला होता. स्वतः घालायचे, संस्थानातल्या शाळांतून मुलांकडून घालून घ्यायचे. आमच्याही शाळेत रथसप्तमीला मैदानावर रांगा लागायच्या, त्यामुळे क्रम अंगात मुरलेला. बाराने सुरुवात केली. पहिला आठवडा मांड्या आणि दंड असे भरून आले की बस पकडताना दांडीला हात लावायचा धीर होईना. हे दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त वाटतं आणि दोन-तीन दिवसांत जातं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. सांध्यात टोचणारी, एकाच जागी चमकणारी कळ मात्र वेगळी. तिला थांबायचं.

काही आठवड्यांत बारा नमस्कार घालूनही धाप लागेना. शरीर फार हिशेबी असतं. एकाच प्रकारचं काम रोज दिलं की ते कमीत कमी खर्चात उरकायला शिकतं, आणि मग त्या कामातून नवीन काही मिळत नाही. व्यायाम बदलत राहायचा तो कंटाळा येऊ नये म्हणून, असं मला वाटायचं. खरं कारण हे आहे. बदलायचं म्हणजे रोज मोबाइलवर नवा व्हिडिओ लावायचा असंही नाही. वजन वाढवा, आकडा वाढवा, वेग कमी करा, नाहीतर कोन बदला. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

वेग कमी करणं म्हणजे काय, ते एक नमस्कार सावकाश घालून बघा. प्रत्येक स्थितीत पाच आकडे थांबायचं आणि अष्टांगाला जाताना धपकन न पडता छाती अंगठ्याच्या जाडीने खाली, आणखी थोडी खाली, अशी न्यायची. बाराऐवजी सहा घातले आणि घाम पुसायला पदर पुरेना.

कोनाची गंमत स्वयंपाकघरात कळली. जमिनीवर एकही पुशअप जमत नव्हता. भिंतीला हात टेकून केले तर फार सोपे. मध्ये सापडला ओटा. दूध गॅसवर ठेवायचं, ओट्याची कड कोरडी पुसायची (ओल्या ग्रॅनाइटवरून हात सटकला तर दात ओट्यावर), पाय दोन पावलं मागे घ्यायचे, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत, आणि छाती ओट्याच्या कडेला टेकवून परत वर. दुधाला साय धरून कडेने बुडबुडे यायला लागेपर्यंत दहा-दहाचे दोन फेरे होतात. दूध उतू गेलं तर व्यायामाला दोष देणारी माणसं घरात असतातच, तेव्हा आच मंद ठेवावी. ओटा सोपा वाटायला लागला की लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून तिच्या बैठकीवर हात. मग जिन्याची दुसरी पायरी, मग पहिली, मग फरशी. हात जितके खाली, तितकं अंगाचं वजन हातांवर जास्त. या एका शिडीवर माझे कित्येक महिने गेले आणि खर्च शून्य.

बैठकांना खुर्ची आणि सॅक. खुर्चीवर टेकल्यासारखं करून उठायचं. तालमीतल्या बैठका चवड्यांवर आणि झपाझप असतात, त्या माझ्या गुडघ्यांना मानवल्या नाहीत. वजनासाठी मुलाची जुनी शाळेची सॅक घेतली. पाण्याची लिटरची बाटली म्हणजे बरोबर एक किलो, त्यामुळे वजनकाट्याची गरज नाही. त्याच बाटलीत कोरडी वाळू भरली तर दीड किलोच्या आसपास भरते. शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनकाकांकडून घमेलंभर वाळू मागून आणली. "वहिनी, कुंडी भरताय का?" म्हणाले. मी हो म्हटलं.

पहिल्या महिन्याच्या पैशांतून उड्या मारायची दोरी आणली होती. ती फुकट गेली. खोलीत पंख्याला लागते, आणि आम्ही पहिल्या मजल्यावर, घरमालक बरोबर खाली. त्यांची दुपारची झोप आणि माझ्या रविवारच्या उड्या यांची वेळ एकच निघाली. धाप लागण्यासाठी जिना पुरतो. वर चढताना जोरात, उतरताना कठडा धरून सावकाश. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतकी धाप म्हणजे मध्यम जोर, ही सोपी खूण. बोलताही येईना झालं की जोर वाढला समजायचं.

असं सगळं छान चाललं होतं, पण पावसाळा संपता संपता खांदे पुढे झुकल्यासारखे वाटायला लागले. पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मधे एक ओढ कायमची. ऑफिसात दिवसभर कीबोर्डवर वाकून बसणं होतंच, पण ते तर आधीही होतं.

कोडं सोडवलं चुलत दिरांनी. भाऊजी कराडकडचे, तरुणपणी तालमीत राहिलेले, कान अजून चपटे. दिवाळीत आले तेव्हा त्यांनी कौतुकाने विचारलं, काय काय करता? मी सांगितलं. नमस्कार, पुशअप, प्लँक, भिंतीला रेटा, डोक्यावर बाटल्या उचलणं. ते हसले. "वैनी, हे सगळं ढकलायचंच झालं की. वढायचं काय करता?"

मग त्यांनी तालमीचा दिवस सांगितला. बाहेरच्याला जोर आणि बैठका तेवढ्या दिसतात. पण सकाळी उठून पहिलं काम हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, खणायचं. फावड्याने लाल माती उकरून ओढायची, परत सारखी करायची. त्यात कंबर, पाठ, मनगट सगळं येतं. मग दोर चढणं. आणि जोडीदाराशी लढत म्हणजे निम्मा वेळ त्याची मान नि मनगट आपल्याकडे खेचण्यातच जातो. "नुसतं जोर मारून पैलवान झाला असता तर गावातला प्रत्येक जण खाशाबा झाला असता." कराडकडच्या माणसाचं कुस्तीवरचं बोलणं गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीतलं ब्राँझ आल्याशिवाय संपत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्या रात्री माझ्या व्यायामाची यादी परत बघितली आणि त्यांचं म्हणणं पटलं. घरच्या व्यायामात छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि मांड्या यांची चंगळ असते, कारण जमीन फुकट मिळते आणि जमिनीला फक्त ढकलता येतं. ओढायला वर लटकायला काहीतरी हवं, नाहीतर बांधायला. जिमची फी भरून माणूस खरं तर ओढायची सोय विकत घेतो, असं माझं आता मत झालंय. दारात अडकवायचा लोखंडी बार मिळतो, पण तो माझ्या चार-पाच महिन्यांच्या बजेटचा, आणि आमच्या चौकटी जुन्या लाकडाच्या, त्याही घरमालकांच्या.

पहिला उपाय सॅकचा. एक हात खुर्चीवर टेकून, कमरेत वाकून, पाठ सपाट ठेवून दुसऱ्या हाताने सॅक जमिनीवरून कमरेपर्यंत ओढायची. कोपर अंगाला घासून मागे जायला हवं. खांदा कानाकडे उचलला जात असेल तर वजन जास्त झालं.

दुसरा टॉवेलचा. आंघोळीच्या जाड टॉवेलच्या एका टोकाला घट्ट गाठ मारायची, गाठ दाराच्या पलीकडे टाकून वरच्या फटीत टॉवेल अडकवायचा आणि दार नीट बंद करून कडी लावायची. दार पलीकडे उघडणारं हवं, म्हणजे आपण ओढू तसं ते चौकटीवर जास्तच घट्ट बसतं. आपल्याकडे उघडणाऱ्या दाराला हे करू नये, सरळ अंगावर येतं. मग टॉवेल दोन्ही हातांनी धरून, पाय दाराजवळ ठेवून मागे रेलायचं आणि छाती दाराकडे खेचायची. मुठी आधी थकतात, पाठ नंतर. पण त्या मुठींनीच पुढे आठवडी बाजारातल्या पिशव्या सोप्या झाल्या.

तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त आणि माझा सगळ्यात आवडता: सायकलची ट्यूब. दुकानातला रबरी पट्टा अडीचशेच्या खाली मिळेना, तेव्हा नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्याने पंक्चर लावून लावून थकलेली एक ट्यूब फुकट दिली, वर "वहिनी, काय बांधायचंय?" हा प्रश्न. ट्यूब व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंनी कापली की लांब पट्टा होतो. आतली पांढरी पावडर साबणाने धुऊन काढावी लागते, तरी हाताला रबराचा वास दोन-चार दिवस राहतो. जमिनीवर पाय पसरून बसायचं, ट्यूब तळव्यांवरून घेऊन प्रत्येक पायाला एक वेढा द्यायचा आणि दोन्ही टोकं कमरेकडे ओढायची. वेढा विसरायचा नाही. ट्यूब नुसती तळव्यावर ठेवली आणि सटकली तर थेट तोंडावर बसते. भेगा दिसल्या की टाकून द्यायची, आणि गॅलरीत उन्हात ठेवायची नाही, रबर चिकट होऊन लवकर मरतं. मोटारसायकलची ट्यूबही आणून पाहिली, पण ती ओढायला भाऊजीच हवेत.

हे सगळं आई पलंगावरून बघत होत्या. त्या माणदेशातल्या, म्हसवडच्या बाजूच्या. तिकडे पाऊस कधी येतो तर कधी येतच नाही, आणि विहिरी खोल. एक दिवस टॉवेलशी माझी झटापट बघून म्हणाल्या, "आगं, ह्ये तर आमी रोजच करायचो. हिरीवर पाणी शेंदायचो तवा दुसरं काय करत हुतो? दोर वढायचा, हंडा डोक्यावर घ्यायचा नि चढ चढून घरी यायचं." आणि मग त्यांच्या नेहमीच्या अभिमानाने, "त्यात काय इशेष, आमच्या मोहीची ललिता बघ." ललिता बाबर ही माण तालुक्यातल्या मोहीची, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेली, 'माणदेशी एक्सप्रेस'. आईंच्या मते त्या भागातली प्रत्येक मुलगी तशीच, फक्त बाकीच्यांना कोणी शर्यतीत उतरवलं नाही.

पण त्यांचं पाणी शेंदणं डोक्यात बसलं. जुन्या घरकामात ओढणं भरपूर होतं: शेंदणं, जातं ओढणं, दावं धरून जनावर आवरणं. नळ आणि मिक्सर आले, बरंच झालं, ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. फक्त ती एक हालचाल अंगातून निघून गेली.

तर गॅलरीतून शेंदायचं ठरवलं. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्याने भरला, मुठीला दोर बांधून खाली सोडला आणि हातावर हात घेत वर ओढला. काथ्याचा दोर तळहात सोलतो, सुती दोर बरा. कठड्याच्या कडेला जुनी साडी गुंडाळली, म्हणजे दोर घासत नाही. आई शेजारी उभ्या राहून सूचना करत होत्या: दोर नुसत्या मनगटाने वढू नको, कमरंतनं वढ, पाय फाकव. त्यांच्या हाताची ओंजळ दोराभोवती कशी वळते ते त्यांनी दाखवलं, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवून, म्हणजे सटकला तरी अंगठा पिरगळत नाही.

कॅन भिंतीवर आपटत वर येत होता. खालून घरमालक बाहेर आले, वर बघितलं. "ताई, नळाला पाणी नाही का?" मी म्हटलं, आहे की. त्यांनी कॅनकडे बघितलं, दोराकडे बघितलं, आईंकडे बघितलं. मग गेल्याच दिवाळीत दिलेल्या रंगावरचा ओरखडा बोटाने दाखवला. आता मी मागच्या बाजूला, त्यांच्या जास्वंदीच्या वर शेंदते आणि कॅनला पोतं गुंडाळते. खाली कोणी नाही ना, हे आधी वाकून बघायचं, हा नियम मुलालाही लावलाय. तो हल्ली अभ्यासाच्या मध्ये दोन-चार कॅन ओढून जातो.

आठवडा साधारण असा जातो. एक दिवस ढकलायचं आणि बैठका. एक दिवस ओढायचं. एक दिवस सावकाश नमस्कार. एक दिवस नुसतं वाहायचं, म्हणजे दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन, खांदे मागे ठेवून, गॅलरीतून आत आणि आतून गॅलरीत, अधूनमधून जिन्यावरून. हे दिसायला काहीच नाही आणि दमवतं सगळ्यात जास्त. उरलेल्या दिवसांत चालणं किंवा काहीच नाही. रविवारी जमलं तर अजिंक्यताऱ्याच्या चढावर जाते. काय केलं ते कालनिर्णयवर दुधाच्या खाडाशेजारी एका अक्षराने लिहिते, म्हणजे लागोपाठ दोनदा तेच होत नाही. एक वेळ बसते ती वीस-पंचवीस मिनिटं. जुलैमध्ये गॅलरीत न वाळलेले कपडे लोंबत असतात, तेव्हा शेंदणं बंद आणि ट्यूब चालू.

श्वास रोखून ओढायचं नाही, हे मात्र मी सगळ्यांना सांगते. जोर लावताना श्वास सोडायचा. रोखला की त्या क्षणी रक्तदाब झपकन वाढतो, आणि बीपी असलेल्याने तर हा खेळ करूच नये.

खाण्याचं थोडक्यात. प्रोटीन पावडरचा डबा हा श्रीमंतांचा खुराक. आपल्याकडची शिफारस दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, म्हणजे माझ्या ६२ किलोला सुमारे ५१. एका अंड्यात सहा, ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत पंचवीसच्या आसपास, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण तेवढंच, पण दाण्यांत तेलही भरपूर. मटकीची उसळ आधी आमटीसारखी पातळ करायचे, आता घट्ट करते. घरात एवढाच बदल झाला आणि तोही कोणाच्या लक्षात आला नाही.

पुढची एचबीएवनसी ५.८ आली. वजन जेमतेम एक किलोने उतरलं, म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणींना काही फरकच दिसत नाही. मला दिसतो तो तांदळाची दहा किलोची पिशवी घेऊन जिना चढताना, मधे टेकत नाही तेव्हा. फऱ्यांमधली ओढ गेली. फरशीवरचे पुशअप तीन होतात, चौथ्याला पोट आधी टेकतं. खरोखरचं लटकणं अजून बाकी आहे. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, गॅलरीत पाइप बसवून देतो, आणि घरमालक म्हणतात, विचार करतो.

आईंना मी खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावते, पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. वयस्कर माणसाचे पाय शाबूत ठेवायला याहून साधं काही नाही. पहिल्या दिवशी दोनदा जमलं, आता दहा होतात आणि अकरावं मी मोजलं नाही म्हणून भांडण होतं. परवा म्हटलं, आई, बसल्या बसल्या ट्यूबपण ओढून बघा की, अगदी हलकी.

"न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "वढायचं माझं सगळं आधीच झालंय. तू वढ."